६४० × ४८०

भाचीने जळगावला नवे घर बांधले. वास्तुशांतीला गेलो होतो. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, तेव्हा मला हाताला धरून ती हॉलमधल्या एका भिंतीपाशी घेऊन गेली. खिळा आधीच ठोकलेला होता. म्हणाली, "मामा, इथे आईचा फोटो लावायचा आहे. बारा बाय पंधराचा. तुमच्याकडे तो आखाजीचा आहे ना?"

आहे. माझ्याकडेच आहे. आणि तो बारा बाय पंधराचा का होऊ शकत नाही, हेही मलाच सांगावे लागणार होते, कारण तो गुन्हा माझा आहे.

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणत असू. २००९ साली गेली. तिचे फोटो नाहीत म्हटले तर आजच्या मुलांना खरे वाटत नाही. लग्न १९६२ चे, खेड्यातले. तेव्हा आमच्याकडे लग्नात बँडवाला ठरवत, फोटोग्राफर नव्हे. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती चार ठिकाणी सापडते. दोन ठिकाणी पाठमोरी, दोन ठिकाणी डोळे मिटलेली. मतदार ओळखपत्रावर जो चेहरा आहे तो तिचा आहे असे त्या कार्डावर लिहिले आहे म्हणून मानायचे. आणि आधार कार्ड तिच्या नशिबात नव्हते. देशातले पहिले आधार कार्ड आमच्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. अक्का त्याच्या आदल्याच वर्षी गेलेली.

राहिला तो २००५ च्या आखाजीचा फोटो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तो लेकी-बहिणींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. अक्का साठीला टेकली तरी दर आखाजीला धुळ्याला माझ्याकडे यायची आणि आल्या आल्या चुलीचा ताबा घ्यायची. त्या वर्षी मुलाने परदेशातून डिजिटल कॅमेरा आणला होता. ५ मेगापिक्सेलचा. तेव्हा तो फार मोठा आकडा वाटत असे. अंगणात अक्का उलट्या खापरावर पुरणाचे मांडे करत होती. मांडा हातावर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि न फाटता खापरावर टाकायचा, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. मी नातवाचे फोटो काढत होतो. तो पुढे, आमरसाने तोंड माखलेला. मागे, चौकटीच्या उजव्या कडेला, दोन्ही हातांवर मांडा घेतलेली अक्का. तिने मान वर करून विचारले, "मना फोटो कसाले काढी राहिना भाऊ?" मी म्हटले, तुझा नाही, पोराचा काढतोय. ती हसली. त्याच क्षणी बटण दाबले गेले.

हसणारी, डोळे उघडे असलेली, समोर बघणारी अक्का. आयुष्यातला असा एकच फोटो, आणि तोसुद्धा दुसऱ्याचा.

आता गुन्ह्याकडे येतो. कॅमेऱ्याबरोबर १६ एमबीचे कार्ड मिळाले होते. मुलाने सांगितले होते की पूर्ण आकारात काढले तर एक फोटो अडीच एमबीच्या आसपास जातो, म्हणजे कार्डात जेमतेम सहा. मेनूमध्ये आकार निवडायची सोय होती. सगळ्यात वर २५९२ × १९४४ आणि सगळ्यात खाली ६४० × ४८०. त्या खालच्यासमोर पाकिटाचे चित्र होते, म्हणजे ई-मेलने पाठवण्यासाठी. तो निवडला की कोपऱ्यातला आकडा सहावरून एकदम दीडशेच्या घरात जाई. रोलच्या जमान्यात वाढलेला माणूस मी. छत्तीस फोटोंचा रोल दोन लग्ने आणि एक सहल पुरवून वापरणारा. मला सहा आणि दीडशे यांत निवडायला सांगितल्यावर मी काय निवडणार? शिवाय कॅमेऱ्याच्या मागच्या दीड इंची पडद्यावर दोन्ही फोटो अगदी सारखे दिसत होते.

फळ्यावर मांडतो तसे मांडून दाखवतो. डिजिटल फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी. ६४० आडवे आणि ४८० उभे, म्हणजे ३,०७,२०० ठिपके. छापताना डोळ्याला ठिपके जाणवू नयेत म्हणून एका इंचात साधारण ३०० असावेत असा छपाईतला संकेत आहे. फोटो हातात न घेता लांबून पाहायचा असेल तर १५० वरही भागते. चार बाय सहाच्या पोस्टकार्ड फोटोला १२०० × १८०० लागतात, म्हणजे २ मेगापिक्सेलहून थोडे जास्त. म्हणूनच तेव्हा दुकानदार सांगत, "सर, दोन मेगापिक्सेल बस झाले." आणि ते खोटे नव्हते. अख्खा फोटो छापायचा असेल तर बसच होते.

ते गणित कापायची वेळ आली की कोसळते. अक्काला खांद्यापासून वर कापून घेतले तेव्हा माझ्या हाती १२० × १५० ठिपके आले. म्हणजे एकूण १८,०००. ते बारा बाय पंधरा इंचांवर पसरायचे म्हणजे इंचाला १० ठिपके. फोटो कसला, ती फरशी होते. २००९ साली तेराव्यासाठी मी घाईत तो प्रिंट काढून आणलाही होता. चौकोन चौकोन दिसत होते. भाचीने तो कपाटात कुठे ठेवला, मी कधी विचारले नाही.

या १८,००० ठिपक्यांवरून एक गोष्ट सांगतो. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श नावाच्या शास्त्रज्ञाने जगातले पहिले डिजिटल चित्र तयार केले. आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो त्यांनी स्वतः बनवलेल्या यंत्रातून संगणकात घातला. ते चित्र १७६ × १७६ ठिपक्यांचे होते, म्हणजे जवळजवळ ३१,०००. पुढे १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात १०० × १०० ठिपके येत आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. म्हणजे २००५ साली ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा हातात असताना मी माझ्या बहिणीला जे दिले ते किर्श यांनी १९५७ मध्ये आपल्या तान्ह्या बाळाला दिले त्याहून कमी.

आणि खरी गंमत, गंमत कसली, खरा चटका पुढेच आहे. अक्काचा आणखी एक फोटो आहे. १९५९ चा. ती सातवीला होती, तेव्हाच्या भाषेत फायनलला. त्या वर्गाचा ग्रुप फोटो. शहरातून फोटोग्राफर आला होता. तीन पायांचे घोडे, लाकडी कॅमेरा, डोक्यावर काळे कापड. फुल प्लेटची काच, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांची. काचेवरून थेट कागदावर ठसा, मधे मोठे करणे वगैरे काही नाही. चौतीस मुली आणि तीन शिक्षिका. मी तो कागद स्कॅनरवर १२०० च्या मापाने घेतला. अक्काचा चेहरा मुळात एक तृतीयांश इंचाहूनही लहान, पण पडद्यावर तो ३६० ठिपके रुंद आला. आखाजीच्या फोटोत चेहरा मोजला तर ४० ठिपके. शेहेचाळीस वर्षांनी विज्ञान पुढे गेले आणि अक्का नऊपट धूसर झाली.

१९५९ च्या फोटोत तिच्या रिबिनीची गाठ दिसते. हनुवटीवरचे गोंदण दिसते, तीन टिंबे, वेगवेगळी मोजता येतात. शेजारच्या मुलीने तिचा हात घट्ट धरला आहे तेही दिसते.

याचे कारण साधे आहे. जुन्या फोटोग्राफरकडे काच मोठी होती. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. आपण ज्या रोलवर पुढे आयुष्य काढले तो ३५ मिलिमीटरचा, त्याची एक चौकट २४ × ३६ मिलिमीटर. हाफ प्लेटमध्ये अशा तेवीस चौकटी मावतात. मधल्या काळातला आपला सर्वांचा आगफा क्लिक थ्री आठवत असेल. १२० चा रोल, बारा फोटो, सहा बाय सहा सेंटिमीटर. साधा डबाच तो, पण निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या साडेतीनपट. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल त्यात घालून काढलेल्या फोटोंतून आजही चेहरे निघतात. कॅमेरे सुधारत गेले, खिशात मावू लागले आणि चेहऱ्याच्या वाट्याची जागा कमी होत गेली. कोणी मुद्दाम केले नाही. स्वस्त पडत होते, एवढेच.

मोठे आणि लहान यावरून अजिंठा आठवतो. जळगाव हे अजिंठ्याचे स्टेशन, त्यामुळे शाळेच्या सहली घेऊन मी तिथे इतक्यांदा गेलो आहे की काही मार्गदर्शकांपेक्षा मला जास्त पाठ आहे. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ साली तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती काढण्याच्या कामावर नेमला गेला. मेणबत्त्या, वटवाघळे, पावसाळी ओल यांच्याशी झगडत त्याने जवळजवळ वीस वर्षे मोठमोठ्या कॅनव्हासवर ती भित्तिचित्रे उतरवली. ती लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. त्यांच्यावरून केलेली काही छोटी चित्रे, लाकडी ठशांवर कोरलेली, १८५६ सालच्या एका इंग्रजी पुस्तकात छापली गेली होती; ती तेवढी उरली. म्हणजे मूळ आकार गेला आणि ई-मेलचा आकार शिल्लक राहिला! गिल पुढे कॅमेराही वापरू लागला होता आणि १८६४ मध्ये त्याच्या स्टिरिओ फोटोंचे पुस्तक लंडनला निघाले. तो १८७९ मध्ये वारला. त्याचे थडगे भुसावळला आहे. आमच्याकडे लोक त्याला पारो नावाच्या मुलीच्या कथेमुळे ओळखतात, पण मला मात्र तो आगीची बातमी ऐकणारा माणूस म्हणूनच दिसतो. कारण त्या वीस वर्षांत मूळ भिंतींवरचे पोपडेही गळत होते. जे गळले ते गिलच्या कॅनव्हासवरच होते, आणि कॅनव्हास जळले. आता त्या छोट्या ठशातून डोळ्याची पापणी मागितली तर ती कुठून येणार?

उलट टोकाला आमचे चाळीसगावचे केकी मूस. १९१२ ते १९८९. इंग्लंडला जाऊन कला शिकून आलेला हा पारशी माणूस चाळीसगावला स्टेशनाजवळच्या आपल्या घरात जवळजवळ पन्नास वर्षे राहिला आणि फार क्वचित घराबाहेर पडला. त्याबद्दल रोज रात्री येणाऱ्या गाडीची आणि न आलेल्या प्रेयसीची गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, चाळीसगावकर ती सोडणार नाहीत. त्यांचे नाव झाले ते टेबलटॉप छायाचित्रांसाठी. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडायच्या, प्रकाश जुळवायचा आणि फोटोत मोठा देखावा भासवायचा. अशा फोटोत काय घ्यायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय बटण दाबण्याआधी होतो. नंतर कापायला काही उरतच नाही. त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. चाळीसगाव-धुळे गाडीने जाणाऱ्यांनी एक गाडी चुकवून ते पाहावे.

आपण घरगुती माणसे मूस नव्हे. आपण आधी फोटो काढतो आणि कोण महत्त्वाचे होते ते वीस वर्षांनी कळते. आमच्या गावांतल्या स्टुडिओवाल्यांना हे पक्के ठाऊक होते. त्यांचे अर्धे उत्पन्न त्यावर होते. कोणी वारले की घरचे लोक ग्रुप फोटो घेऊन येत आणि बोटाने दाखवत, "हे आमचे नाना. एवढे मोठे करून द्या." मग तो निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घालून तेवढाच चेहरा पाडत. बाजूच्याचा खांदा ब्रशने घालवत, नानांना कोट चढवत, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने सुरकुत्या भरत. माझ्या वडिलांच्या भिंतीवरच्या फोटोतला कोट त्यांच्याकडे कधीच नव्हता. पण स्टुडिओतल्या आर्टिस्टने आईला समोर बसवून विचारले होते, "डोळे कसे होते? भुवया जाड का पातळ?" आईने सांगितले तसे त्याने केले.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे नव्या घराच्या वास्तुशांतीनंतर मी आणि भाची आखाजीची फाइल घेऊन जळगावच्या एका स्टुडिओत गेलो. तिथला मुलगा हुशार होता. म्हणाला, "काळजी नको आजोबा, आता एआय आहे." दोन मिनिटांत पडद्यावर अक्का आली. स्वच्छ, रेखीव, बारा बाय पंधरालाही पुरून उरेल अशी. गालाला कांती, केसांची बट न् बट वेगळी. दात एका ओळीत. अक्काच्या पुढच्या दोन दातांत फट होती. आणि हनुवटी स्वच्छ! गोंदण नाहीसे झाले होते. आमच्या फोटोत ते मोजून दोन ठिपक्यांचा हिरवट डाग होते, यंत्राने तो डाग समजून पुसला. दोन ठिपक्यांवरून त्याने आणखी काय समजायचे होते?

मी मुलाला म्हटले, गोंदण घाल. त्याने घातले, छान घातले. दातांत फट घाल. तीही घातली. भाची गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मामा, बाई छान आहे. पण ही आई नाही."

त्या मुलाला दोष देत नाही. यंत्राने लाखो चेहरे पाहिले आहेत. जिथे अक्काचे ठिपके नव्हते तिथे त्याने त्या लाखोंमधले घातले. चाळीस ठिपक्यांत जे मावले नव्हते ते कुठेच नव्हते, ना कार्डात, ना संगणकात. पूर्ण आकारावर ठेवला असता तर त्याच तुकड्यात ४८६ × ६०८ ठिपके मिळाले असते. बारा बाय पंधराला तेही कमीच पडले असते, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण चार बाय पाचचा फोटो इंचाला १२० ठिपक्यांनी नीट आला असता, आणि गोंदणाची तीन टिंबे वेगळी दिसली असती.

ज्यांच्या घरी अजून जुने डिजिटल कॅमेरे आहेत, किंवा ज्यांचे सगळे मोबाइलवर चालते, त्यांच्यासाठी चार गोष्टी, मास्तरकीची सवय म्हणून. आकार नेहमी सगळ्यात वरचा ठेवा. लहान कधीही करता येतो, मोठा करता येत नाही. आकाराखाली बहुधा दर्जाचे वेगळे बटण असते, तेही 'फाइन'वर ठेवा, नाहीतर ठिपके तितकेच राहतात पण चेहरा चिखल होतो. डिजिटल झूम म्हणजे कॅमेऱ्याने तुमच्या वतीने आधीच मारलेली कात्री. त्यापेक्षा चार पावले पुढे जा. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवलात तर पोचतो तो लहान होऊन, मूळ हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फोटोत डोक्यावर थोडी मोकळी जागा सोडा. डिजिटल कॅमेऱ्याची चौकट बहुधा चारास तीन आणि प्रिंटचा कागद सहास चार, त्यामुळे २०४८ × १५३६ मधल्या १७१ ओळी लॅबमध्ये आपोआप उडतात. एकदा निरोप समारंभाचे फोटो छापून आले त्यात मागच्या रांगेतल्या सगळ्या उंच शिक्षकांच्या टाळूंना कात्री लागली होती. ते सगळे माझ्यावरच रागावले.

तर भिंतीवरच्या फोटोचे काय झाले? भाचीने १९५९ च्या मुलीला मोठे करून पाहिले. फार सुंदर आली. पण रिबिनी बांधलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला हार कसा घालणार, आणि नातू विचारणार ही कोण. ती चौकट तिने आपल्या खोलीत, देवापासून दूर, टेबलावर ठेवली.

हॉलमध्ये आखाजीचाच फोटो लागला. मीच सुचवले आणि फ्रेमवाल्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. १२० × १५० ठिपके इंचाला १०० या मापाने छापले की सव्वा बाय दीड इंचाचा फोटो होतो, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा. तेवढ्या आकारात ती अक्काच आहे. हसणारी, मांडा हातावर घेतलेली, निदान मांड्याची कड दिसते. बारा बाय पंधराच्या चौकटीत सगळीकडे पांढरा कागद आणि मधोमध तो तुकडा. खिळा तोच.

परवा गेलो तेव्हा पाहिले, भिंतीखाली एक स्टूल ठेवले आहे. भाचीचा नातू त्यावर चढून काचेला नाक लावून बघत होता.